वेगवान ब्राऊझर शोधताना घड्याळ कुठे लावावे

जुलैचा शेवटचा आठवडा. मूर्तिजापुरात स्टेशनपासून बाजारापर्यंत कोणत्याही सेवा केंद्रात डोकवावे, चित्र तेच असते. पडद्यावर फिरणारी चक्री, हातात सातबारा आणि बँकेचे पासबुक धरून तिच्याकडे बघत बसलेली पाच-सहा माणसे, आणि "साईट चालूनच नाही राह्यली भाऊ" हे केंद्रचालकाचे पालुपद. मग रांगेतला एखादा कॉलेजकुमार सल्ला देतो, क्रोम उडवा, एज टाका. दुसरा फायरफॉक्सची बाजू घेतो. तिसरा मोबाईलवर तक्ताच काढून दाखवतो की अमुक चाचणीत अमुक ब्राऊझरला इतके गुण आणि तमुकला तितके. चक्री फिरतच राहते.

वेगाचा हा प्रश्न हौसेचा नाही, त्यात पैसा आहे. खरीप २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याकडून फक्त तो रुपया घ्यायचा आणि केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीने द्यायचे, अशी व्यवस्था होती. एक अर्ज १५ मिनिटांत उरकला तर आठ तासांत ३२ अर्ज होतात. तोच २५ मिनिटे खाऊ लागला तर १९ च होतात. दिवसाला ५२० रुपयांचा फरक पडतो, आणि तेरा माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा गावाहून यायची ती वेगळीच. एवढा फरक जर नुसता ब्राऊझर बदलून भरून निघणार असेल, तर कोण बदलणार नाही?

बहुतेक वेळा तो तसा निघत नाही. का निघत नाही, हे कळायला बेंचमार्क म्हणजे ब्राऊझरची वेगचाचणी नेमके काय मोजते ते आधी बघावे लागते.

वेगाचा विक्रम म्हणजे काय, हे मूर्तिजापूर तालुक्याने जवळून पाहिले आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती जिल्ह्यातील लोणी ते मूर्तिजापूर तालुक्यातील माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले काम ७ जूनच्या संध्याकाळी संपले आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधील दोहाचा होता. तिथे २५ किलोमीटरच्या थोड्या वर रस्त्याला दहा दिवस लागले होते. विक्रम खरा, मोजणी खरी, आकडाही खरा. मात्र ते ७५ किलोमीटर एका पदरी रस्त्याचे आहेत. दुपदरी रस्त्याच्या हिशेबाने ती लांबी साडेसदतीस किलोमीटर भरते, आणि हे घोषणेच्या वेळीच सांगण्यात आले होते. लोकांच्या तोंडी मात्र ७५ चाच आकडा राहिला. शिवाय अमरावतीहून अकोल्याला जायला एसटीला आता किती वेळ लागतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तो प्रश्न त्या मोजणीने विचारलाच नव्हता.

ब्राऊझरच्या चाचण्यांचा इतिहास अशाच न विचारलेल्या प्रश्नांनी भरलेला आहे. डिसेंबर २००७ मध्ये अ‍ॅपलच्या वेबकिट चमूने सनस्पायडर ही जावास्क्रिप्टची चाचणी काढली. जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपानात हालचाल आणणारी भाषा. फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी बदलते, ते तिचे काम. २ सप्टेंबर २००८ ला गुगलचा क्रोम आला आणि त्याच्यासोबत गुगलची स्वतःची चाचणीही आली. २०१० मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने क्राकेन काढली, २०१२ मध्ये गुगलने ऑक्टेन. प्रत्येकाची आपापली फूटपट्टी. मे २०१० मध्ये तर गुगलने जाहिरातीत तोफेतून बटाटा उडवला आणि तो उडेपर्यंत क्रोममध्ये पान कसे उघडते, ते संथगती कॅमेऱ्याने दाखवले. करमणूक म्हणून ती जाहिरात आजही बघण्यासारखी आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक गंमत उघडकीला आली. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ९ तेव्हा येऊ घातला होता आणि सनस्पायडरमधल्या एका गणिती उपचाचणीत त्याने संशय यावा इतका कमी वेळ घेतला होता. मोझिलाचे अभियंते रॉब सेयर यांनी त्या उपचाचणीत एक ओळ घातली. ओळ अशी, की तिने काहीच घडत नाही. उत्तर तेच, काम तेच. तरीही ब्राऊझरला सुमारे वीसपट वेळ लागला! मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की यात लबाडी नाही. ज्या हिशेबाचे उत्तर पुढे कुठे वापरलेच जात नाही तो हिशेब आमचे इंजिन गाळून टाकते, आणि नव्या ओळीमुळे ते गाळणे जमले नाही. खुलासा तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखा होता. पण वाचकाच्या कामाची गोष्ट निराळीच आहे. ज्या चाचणीत ब्राऊझर कामच न करता पहिला येऊ शकतो, तिच्या गुणांवरून पीक विम्याचा फॉर्म किती लवकर भरला जाईल हे कसे ठरवायचे?

पुढे कंपन्यांनाही हे जाचू लागले. एप्रिल २०१७ मध्ये क्रोमचे जावास्क्रिप्ट इंजिन बनवणाऱ्या गुगलच्या व्ही८ चमूने ऑक्टेन निवृत्त करत असल्याचे जाहीर केले आणि कारणही मोकळेपणाने दिले. खरी संकेतस्थळे उघडून मोजले तेव्हा त्यांचे वागणे ऑक्टेनपेक्षा फार वेगळे निघाले. ऑक्टेनचा बराचसा वेळ आधीच घोटून तयार झालेला कोड पुन्हा पुन्हा चालवण्यात जायचा. खऱ्या पानांत कोड वाचून समजून घेण्यातच मोठा वेळ जातो, आणि चालवायची पाळी एखाद-दुसऱ्या वेळेसच येते. ऑक्टेनमध्ये आणखी चार गुण मिळावेत म्हणून केलेल्या काही सुधारणा खऱ्या पानांना उलट मारक ठरत होत्या. स्वतःच बनवलेली, जगभर वापरली जाणारी चाचणी स्वतःच मोडीत काढणे या धंद्यात विरळाच. त्याचे श्रेय त्या चमूला द्यायला हवे.

बॅटरीच्या बाबतीतला तमाशा याहून बोलका आहे. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एकसारख्या लॅपटॉपवर चार ब्राऊझर चालवून निकाल दिला. एज ७ तास २२ मिनिटे टिकला, ऑपेरा ६ तास १८ मिनिटे, फायरफॉक्स ५ तास ९ मिनिटे आणि क्रोम ४ तास १९ मिनिटे. दोनच दिवसांत ऑपेराने स्वतःची चाचणी मांडली आणि तीत ऑपेरा एजपेक्षा २२ टक्के जास्त टिकला. कोणीच खोटे बोलत नव्हते. मायक्रोसॉफ्टने सारा वेळ व्हिडिओ चालवला. ऑपेराने वेगवेगळी पाने उघडली, आणि तीही आपला जाहिरातरोधक आणि बॅटरी-बचत चालू ठेवून. चाचणी कोणी केली, हे निकालाच्या आकड्याआधी वाचायची सवय वाचकाने लावून घ्यावी.

आज निकाल सांगताना बहुधा स्पीडोमीटर या चाचणीचे नाव येते. ती २०१४ मध्ये वेबकिट चमूने काढली. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली ती अ‍ॅपल, गुगल आणि मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केलेली. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला अमान्य, हा जुना झगडा त्यामुळे बराच मिटला. ही चाचणी कामांच्या यादीत नोंदी टाकते, त्यांवर खूण करते, पुसते, आलेख काढते, बातम्यांच्या पानावर फिरते, मजकूर लिहिते. म्हणजे माणूस करतो तशीच कामे, फक्त वाऱ्याच्या वेगाने. जेटस्ट्रीम २ ही दुसरी चाचणी ६४ उपचाचण्यांची असून ती जड हिशेबांची आहे. मोशनमार्क पडद्यावरच्या चित्रांची हालचाल तपासते. तिन्ही ब्राऊझरबेंच डॉट ऑर्ग या पत्त्यावर फुकट चालवता येतात. तिन्हींत गुण जास्त ते चांगले.

या तिघींपैकी एकीचेही इंटरनेटच्या लाईनशी देणेघेणे नाही. लागणारे सारे आधीच उतरवून घेतले जाते आणि मग घड्याळ सुरू होते. सर्व्हरने उत्तर द्यायला लावलेला वेळ, गावातली फोर-जीची रेंज, ओटीपीची वाट, बोटांच्या ठशाचे यंत्र, यातले काहीही गुणांत येत नाही. येते ते ब्राऊझरचे इंजिन आणि संगणकाचा प्रोसेसर या जोडीचे काम. ही जोडी आहे, हेही विसरायचे नाही. जून २०२५ मध्ये गुगलने क्रोमचा स्पीडोमीटरमधला तोवरचा सर्वोच्च आकडा जाहीर केला, तो अ‍ॅपलच्या एम४ चिपच्या मॅकबुक प्रोवरचा होता. सेवा केंद्रातल्या सात-आठ वर्षांच्या, चार जीबी रॅमच्या डेस्कटॉपला त्या आकड्याचे काय? दुसऱ्याच्या मशीनवरचे गुण आपल्या मशीनला लावू नयेत. एकाच मशीनवरचे दोन ब्राऊझर मात्र त्यांनी जरूर तोलावेत.

तोलण्याआधी वेळ कुठे जातो ते पकडायचे, आणि यासाठी कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. अडलेले पान उघडे ठेवून एफ१२ दाबावे. क्रोम, एज, फायरफॉक्स तिघांतही कारागिराची पेटी उघडते. तीत 'नेटवर्क' नावाचा कप्पा निवडून पान पुन्हा लोड करावे. वरपासून खालपर्यंत ओळी उमटतात. प्रत्येक ओळ म्हणजे पानाने मागवलेली एक वस्तू, एखादे चित्र, एखादी यादी, एखादा कोड. सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करून 'टायमिंग' पाहावे. क्रोम आणि एजमध्ये तिथे दोन आकडे महत्त्वाचे असतात. 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' म्हणजे विनंती गेल्यावर समोरून पहिले अक्षर येईपर्यंतची वाट, आणि 'कंटेंट डाउनलोड' म्हणजे माल उतरायला लागलेला वेळ.

पहिला आकडा आठ-दहा सेकंदांचा असेल तर दोष सहसा सर्व्हरचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सारा महाराष्ट्र एकाच दारात उभा असतो, आणि जगातला कोणताही ब्राऊझर त्या दारात पुढे घुसवू शकत नाही. त्यावर उपाय सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसणे हाच. केंद्रचालकांना तो कोणी शिकवायची गरज नाही. दुसरा आकडा मोठा असेल तर लाईन कमजोर. हल्लीच्या सर्वसाधारण वेबपानाचे वजन अडीच एमबीच्या आसपास असते. १० एमबीपीएसच्या लाईनवर ते उतरायला दोन सेकंद पुरतात आणि १ एमबीपीएसवर वीस लागतात. दोन्ही आकडे लहान, माल सगळा येऊन पडलेला, तरी पान थिजलेले आणि माऊस अडखळतो, अशी गत असेल तरच संशयाची सुई आपल्या संगणकावर आणि ब्राऊझरवर येते. बेंचमार्कचा उपयोग या तिसऱ्या प्रकारापुरता आहे.

इथे आणखी एक गल्लत होते. स्पीडटेस्ट किंवा फास्ट डॉट कॉम यांवर ५० एमबीपीएस दिसले की लाईन चांगली, मग ब्राऊझरच खराब, असा निष्कर्ष काढला जातो. त्या चाचण्या सहसा जवळच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजतात. आपल्याला हवे ते सरकारी पोर्टल त्या रस्त्यावर असेलच असे नाही. शिवाय एखाद्या पानाला मागेपुढे शंभर फेऱ्या माराव्या लागत असतील, तर प्रत्येक फेरीचा वेळ महत्त्वाचा ठरतो. लाईन कितीही रुंद असली तरी तो कमी होत नाही. मोबाईलच्या रेंजवर चालणाऱ्या खेड्यातल्या केंद्रात हाच त्रास जास्त.

संगणकच मंद आहे अशी खात्री पटली, तर मग चाचणी नीट करावी. नीट म्हणजे दोन्ही ब्राऊझर आधी अद्ययावत करून घ्यायचे. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून साधारण दर चार आठवड्यांनी येत आली आहे, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचा कोणताही तुलनेचा लेख, कितीही चांगला असो, शिळाच समजावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा. बॅटरीवर प्रोसेसर हात आखडता घेतो. बाकीच्या खिडक्या आणि टॅब बंद. एक्स्टेन्शनचा परिणाम नको असेल तर ब्राऊझरमध्ये नवे, कोरे प्रोफाईल तयार करून त्यात चाचणी चालवावी. रोजचे प्रोफाईल आणि कोरे प्रोफाईल यांच्या गुणांतच मोठी तफावत दिसली, तर शोध तिथेच संपतो. ब्राऊझर ठीक आहे, वर्षानुवर्षे साचलेली एक्स्टेन्शने काढून टाकावीत. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलून देणारी, कोणी कधी टाकली ते कोणालाच न आठवणारी.

वऱ्हाडात आणखी एक पथ्य पाळावे लागते आणि ते परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो वेग उतरवतो. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. अशा दुपारी पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात, धुळीने पंखा भरलेल्या डेस्कटॉपवर, पहिल्यांदा चालवलेला ब्राऊझर आणि शेवटी चालवलेला ब्राऊझर यांना एकसारखी संधी मिळतच नाही. पहिला थंड मशीनवर धावतो आणि दुसरा तापलेल्या. म्हणून चाचणी सकाळी करावी आणि पाळी आलटून पालटून लावावी. आधी क्रोम मग फायरफॉक्स, पुढच्या खेपेला आधी फायरफॉक्स मग क्रोम. एकाच ब्राऊझरचे सकाळचे आणि दुपारचे गुण वेगळे येत असतील, तर कॅबिनेट उघडून ब्रशने पंखा साफ करणे हा सर्वांत स्वस्त वेगवर्धक आहे.

एका खेपेवर विसंबू नये. प्रत्येक ब्राऊझरला पाच खेपा द्याव्यात आणि सरासरी न काढता मधला आकडा घ्यावा. समजा, एका ब्राऊझरमध्ये तोच फॉर्म उघडायला ८, ९, ८, ३१ आणि ९ सेकंद लागले. दुसऱ्यात ११, १०, ११, १२ आणि ११. सरासरी पहिल्याची १३ येते, दुसऱ्याची ११, म्हणजे दुसरा सरस. मधला आकडा मात्र पहिल्याचा ९, दुसऱ्याचा ११. कोणता निकाल खरा? त्या ३१ सेकंदांच्या वेळी सर्व्हर अडखळला असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याची शिक्षा ब्राऊझरला देण्यात अर्थ नाही. तरीही तो आकडा फाडून फेकू नये. चार दिवस त्याच ब्राऊझरमध्ये तसेच झटके येत राहिले, तर तीही एक बातमी आहे.

किती फरक म्हणजे फरक? एकाच मशीनवर एकच ब्राऊझर दोनदा चालवला तरी दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच. स्पीडोमीटर गुणांपुढे अधिक-उणे करून हा हेलकावा दाखवतो, पण तो कोणी वाचत नाही. पाच टक्क्यांच्या आतली तफावत सरळ सोडून द्यावी. माणसाच्या जाणिवेचाही हिशेब आहे. संगणकाशी माणूस कसा वागतो याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या. दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो लगेच आल्यासारखा वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांपलीकडे माणसाचे लक्ष उडते. बटण दाबल्यावर एका ब्राऊझरला ४० मिलिसेकंद लागले आणि दुसऱ्याला ६०, तर तक्त्यात दुसरा दीडपट मंद दिसेल. बटण दाबणाऱ्याला दोन्ही सारखेच.

शिवाय स्पर्धेतल्या नावांवर जाऊ नये. बाजारात ब्राऊझर डझनावारी आहेत, पण आत इंजिने मुख्यतः तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्या पोटात एकच ब्लिंक इंजिन आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज त्या पायावर आणला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या भारतीय ब्राऊझर स्पर्धेत एक कोटीचे पहिले बक्षीस मिळवणारा झोहोचा उला हाही त्याच घराण्यातला. फायरफॉक्सचे गेको वेगळे, सफारीचे वेबकिट वेगळे. भारतातल्या आयफोनवर तर नाव काहीही असो, आत वेबकिटच चालते. तिथे दोन ब्राऊझरच्या वेगाची तुलना म्हणजे पाटीची तुलना. एकाच इंजिनाच्या दोन ब्राऊझरमध्ये जो फरक जाणवतो तो बहुतेक करून आधीपासून चालू असलेल्या सोयींचा असतो. ब्रेव्ह जाहिराती सुरुवातीपासूनच अडवतो. जाहिरातींनी खचाखच भरलेल्या बातम्यांच्या पानावर तो क्रोमपेक्षा झपाट्याने चालल्यासारखा वाटतो, तो यामुळे. क्रोममध्ये जाहिरातरोधक टाकला की ही दरी बरीच बुजते. सरकारी पोर्टलवर जाहिराती नसतातच, तिथे हा फायदा शून्य.

सेवा केंद्रासाठी खरा अडसर वेगाचा नसून स्मृतीचा असतो, असे या लेखाचे ठाम मत आहे. चार जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज आपला वाटा घेते, अँटिव्हायरस आपला घेतो, ठशांच्या यंत्राचे सॉफ्टवेअर, प्रिंटर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, आणि वर पंधरा टॅब. रॅम संपली की संगणक हार्डडिस्कवर उचल-ठेव करू लागतो आणि सगळेच रांगू लागते. ब्राऊझर जड झाले त्याला कारणेही आहेत. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष जगजाहीर झाला. त्यानंतर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या कोठडीत ठेवायला सुरुवात केली, आणि त्यापायी १० ते १३ टक्के स्मृती जास्त लागेल असे गुगलने तेव्हाच सांगितले होते. बँकेचे पान आणि एखादे भुरटे पान शेजारी उघडे असताना ही भिंत हवीच.

कोणता टॅब किती रॅम खातो ते पाहण्यासाठी क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावे. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी अबाऊट टाइप करून अपूर्णविराम (:) आणि पुढे प्रोसेसेस लिहावे. सर्वांत वरचे दोन-तीन खादाड बंद केले तरी तासाभराची सुटका होते. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' विभागात मेमरी सेव्हर आहे, तो चालू केला की न वापरलेले टॅब झोपी जातात. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र झोपलेल्या टॅबमध्ये ठेवू नये. जागे करताना पान पुन्हा लोड झाले तर भरलेली माहिती जाऊ शकते. सरकारी पोर्टलचे पत्ते 'नेहमी जागे ठेवा' या यादीत घालून ठेवले की ही भीती उरत नाही.

जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे आणि रॅम चारवरून आठ जीबी करणे, या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो कोणत्याही दोन ब्राऊझरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. अजूनही विंडोज ७ वर चालणाऱ्या मशीनची गोष्ट निराळी. क्रोमची १०९ वी, जानेवारी २०२३ ची आवृत्ती तिथे शेवटची. फायरफॉक्सने ११५ क्रमांकाची दीर्घमुदतीची आवृत्ती सुरक्षेच्या दुरुस्त्या देत त्यापुढेही चालू ठेवली. अशा मशीनवर दोघांचे गुण काढत बसण्यापेक्षा लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील त्यावर टाकावेत का, हा प्रश्न आधी सोडवावा. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

वेगासाठी सोय सोडू नये, हेही ध्यानात ठेवावे. काही पोर्टलांवर ठशांचे यंत्र किंवा डिजिटल सही एका ब्राऊझरमध्ये चालते, दुसऱ्यात अडते. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तरी त्याच्या काळात बांधलेली काही जुनी संकेतस्थळे आहेत. त्यांच्यासाठी एजमधली आयई पद्धत किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. म्हणून अनेक केंद्रांत दोन ब्राऊझर बाळगतात आणि ते शहाणपणाचेच आहे. एक रोजच्या अर्जांसाठी, कोऱ्या प्रोफाईलचा, एक्स्टेन्शनशिवाय. दुसरा बाकी सगळ्याला.

फोनवर हिशेब थोडा बदलतो. साध्या अँड्रॉइड फोनवर, कमकुवत रेंजमध्ये, डेटा वाचवणारा ब्राऊझर खरोखर लवकर पान दाखवतो. ऑपेरा मिनी पान आधी आपल्या सर्व्हरवर आणतो, दाबून लहान करतो आणि मग फोनला पाठवतो. क्रोममध्येही लाईट मोड नावाची अशीच सोय होती, ती मार्च २०२२ मध्ये बंद झाली. बातम्या, बाजारभाव, हवामान वाचायला ऑपेरा मिनी उत्तम. मात्र त्याची सर्वाधिक बचतीची पद्धत चालू असताना गुंतागुंतीचे फॉर्म मोडतात, आणि पान मधल्या सर्व्हरवरून जाते म्हणून बँकेचा व्यवहार त्या पद्धतीत करू नये. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये जाहिरातरोधक एक्स्टेन्शन टाकता येते. क्रोमच्या अँड्रॉइड आवृत्तीत ही सोय नाही. महिन्याचा डेटा पुरवून वापरणाऱ्यांना हा फरक स्पीडोमीटरच्या गुणांपेक्षा जास्त जाणवेल.

चाचणीची वेळही ठरवून घ्यावी. पीक विमा, अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्ती हे सारे पावसाळ्यात एकावर एक येऊन आदळते, तेव्हा नवा ब्राऊझर टाकून बघायला कोणालाच उसंत नसते. मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मोकळी सकाळ काढावी. पंखा साफ करावा, दोन्ही ब्राऊझर अद्ययावत करावेत, स्पीडोमीटर पाच वेळा चालवावे, आणि त्यानंतर रोज लागणाऱ्या दोन पोर्टलांवर लॉगिनपासून पावतीची प्रिंट निघेपर्यंतचा वेळ मोबाईलच्या घड्याळावर मोजावा. दोन्ही आकडे तारीख घालून टेबलाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावेत. पुढे जुलैत चक्री फिरू लागली आणि स्पीडोमीटरचे गुण जूनइतकेच आले, तर ब्राऊझरला हात लावू नये. एफ१२ दाबून वरच्या ओळीतला सर्व्हरचा आकडा रांगेतल्या माणसांना दाखवावा आणि त्यांना रात्री नऊनंतरची वेळ द्यावी.